पत्र्याच्या डब्याचे काय करावे : नवशिक्यांसाठी सुलभ मार्गदर्शिका

साहित्य : पत्र्याचा रिकामा डबा, एक नग. पत्रा कापायची कातर, हातोडी, कानस, पक्कड, लहानमोठे खिळे, रंग, ब्रश, सुतळीचा गुंडा आणि चिकटपट्टी दोन प्रकारची, एक डब्याला लावायची आणि एक बोटाला.

यातले पहिले सोडून सगळे साहित्य बाजारात मिळते. हस्तकलेच्या पुस्तकांत ‘प्रथम एक रिकामा डबा घ्या’ असे एक वाक्य टाकून लेखक पुढे सटकतात. असे लिहिणारा मनुष्य एक तर एकटा राहत असावा किंवा त्याच्या घरी स्वयंपाक होत नसावा. आम्ही या वाक्यावर मुक्काम करणार आहोत, कारण पुढचे सगळे सोपे आहे. पत्रा कापणे हे कौशल्य आहे. रिकामा डबा घरातून बाहेर काढणे ही विद्या आहे.

पायरी पहिली : डबा मिळवणे

नवशिक्याला वाटते की घरात पुष्कळ रिकामे डबे पडलेले आहेत. पडलेले आहेत हे खरे. रिकामे नाहीत. मराठी घरात डब्यावर जे लिहिलेले असते ते आत नसते आणि आत जे असते ते कुठेच लिहिलेले नसते. बोर्नव्हिटाच्या डब्यात मेथ्या असतात. डेन्मार्कच्या बिस्किटांच्या निळ्या गोल डब्यात सुया, रिळे, ब्लाउजचे हुक आणि कुणाच्या तरी जुन्या स्वेटरची बटणे असतात. कोणी पाहुणा तो उघडतो, आत पाहतो आणि काही न बोलता पुन्हा बंद करतो. रसगुल्ल्याच्या डब्यात नळाचे वॉशर, आमरसाच्या ८५० ग्रॅमच्या डब्यात खिळे, आणि टाल्कम पावडरच्या चपट्या डब्याला वर चीर पाडलेली असली तर आत सुटे पैसे. कुठला डबा कशाचा, हे फक्त एका व्यक्तीला ठाऊक असते. ती व्यक्ती गावाला गेली की त्या घरात चार दिवस मोहरी सापडत नाही.

तरीही समजा, तुम्ही स्टूल घेऊन माळ्यावर चढलात आणि तिथे एक डबा खरोखरच रिकामा निघाला. त्यावर हुरळून जाऊ नये. तो रिकामा नसतो, तो ‘ठेवलेला’ असतो. पुढील संवाद पाठ करून ठेवावा :

“आई, हा डबा मी घेऊ का?”

“कुठला?”

“हा माळ्यावरचा. रिकामा आहे.”

“रिकामा कुठला! चिवड्याचा आहे तो.”

“अगं, पण चिवडा कुठंय यात?”

“दिवाळीत असतो. आत्ता मे महिना चाललाय ना?”

या युक्तिवादाला उत्तर नाही. शोधण्यात वेळ घालवू नये. मुलाने किंवा मुलीने एवढ्यावर खाली उतरावे. सुनेने तर स्टुलावर चढूच नये. ‘अहो आई, हा डबा टाकायचाय का?’ हा प्रश्न वरवर निरुपद्रवी दिसतो, पण त्यातले ‘टाकायचाय’ मागे ठेवून बाकीचे वाक्य विसरले जाते आणि पुढच्या हळदीकुंकवात ते शब्दशः ऐकू येते. जावयाने मागितला तर मात्र डबा मिळतो. तो रिकामा मिळत नाही, लाडू भरून मिळतो आणि लाडू संपल्यावर परत करायचा असतो.

मग डबा मिळवायचा कसा? तीन मार्ग आहेत.

पहिला मार्ग अदलाबदलीचा. पूर्वी बोहारीण दारात येत असे आणि जुन्या कपड्यांच्या बदल्यात भांडी देत असे. तेच तत्त्व घरात वापरावे. स्टीलचा नवा डबा आणावा, शक्यतो त्यावर नाव घालून आणावा, आणि ‘तुला म्हणून आणला’ असे म्हणून ओट्यावर ठेवावा. जुन्या डब्याचा उल्लेख करू नये. दोन दिवसांनी जुन्या डब्यातली डाळ नव्यात जाते. जुना डबा मग तुम्हाला मिळेल असे नाही. तो बहुधा कडधान्याच्या सेवेत रुजू होतो. पण रांग एका डब्याने पुढे सरकते आणि शेवटचा कुठला तरी गंजका डबा बाहेर पडतो. तो तुमचा.

दुसरा मार्ग भंगारवाल्याचा. तो डबा किलोवर घेतो, पण तुम्हाला नगावर विकतो. घासाघीस करू नये; त्याने तो डबा वर सांगितलेल्या व्यक्तीकडून मिळवलेला असतो आणि तो पराक्रम मोलाचा आहे.

तिसरा मार्ग शाळेचा. ज्या घरात कार्यानुभव हा विषय असलेले मूल आहे तिथे रात्री साडेनऊच्या सुमारास ‘उद्या टाकाऊतून टिकाऊ वस्तू न्यायचीय’ अशी घोषणा होते. त्या वेळी टाकाऊ काहीच नसते. मग वडील चौकात जाऊन रसगुल्ल्यांचा एक किलोचा डबा विकत आणतात आणि सगळे घर झोपायच्या आधी बसून रसगुल्ले खाते. पाक उद्या शंकरपाळ्यांत घालू म्हणून पातेल्यात काढला जातो. अकरा वाजता डबा टाकाऊ होतो. साडेअकराला आई त्यावर टिकल्या चिकटवते. मूल झोपलेले असते. शेऱ्यात ‘स्वतः केले आहे, छान’ असे येते.

हल्ली चौथाही मार्ग निघाला आहे, पण तो आम्ही मार्ग मानत नाही. घर सजवण्याच्या दुकानात नवे कोरे डबे मिळतात, त्यांवर कारखान्यातच गंजाचा रंग मारलेला असतो. हे विकत घेणाऱ्यांनी ही मार्गदर्शिका मिटून कॉफी प्यावी.

पायरी दुसरी : डबा ओळखणे

हाती आलेल्या डब्याला चुंबक लावून पाहावे. चिकटला तर पोलाद, नाही चिकटला तर ॲल्युमिनियम. थंड पेयांचे डबे ॲल्युमिनियमचे असतात. ते कागद कापायच्या कात्रीनेही कापले जातात, त्यामुळे नवशिक्याला आपण कारागीर झालो असे वाटते. तो भ्रम पोलादी डब्यावर उतरतो.

आपण ज्याला पत्र्याचा किंवा टिनचा डबा म्हणतो, तो असतो पोलादाच्या पातळ पत्र्याचा, साधारण मिलिमीटरच्या पाचव्या हिश्श्याएवढ्या जाडीचा. त्यावर कथलाचा मुलामा असतो, एक मायक्रॉनही जाड नसलेला. म्हणजे कल्हईच. गल्लीत भाता घेऊन बसणारा कल्हईवाला तापल्या पितळेवर नवसागर टाकून कथील फिरवायचा ते आंबट पदार्थ कळकू नयेत म्हणून. कारखाना पोलादावर कथील चढवतो ते अन्न खराब होऊ नये आणि पोलाद गंजू नये म्हणून. ही गोष्ट लक्षात ठेवायचे कारण एवढेच की कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते. डबा ‘स्वच्छ व्हावा’ म्हणून गॅसवर धरणाऱ्यांनी आपण कल्हई उतरवत आहोत हे ध्यानात घ्यावे. आतल्या लाखेचा धूर स्वयंपाकघरात भरतो तो वेगळाच. दुसरे असे की चरा पडून कथील निघाले की उघड्या पडलेल्या जागी पोलाद भराभर गंजते. म्हणून डबा चकाकेपर्यंत घासण्याचा उत्साह आवरता घ्यावा. तारेची घासणी सिंकपाशीच राहू द्यावी.

डब्यांच्या कुळांपैकी दोन आदरणीय आहेत. एक डालड्याचा. १९३७ साली बाजारात आलेला, पिवळ्या अंगावर हिरवे ताडाचे झाड असलेला हा डबा तूप संपल्यावरच खऱ्या आयुष्याला लागे. त्यात तुळस लागली, मनीप्लँट लागला, त्याने धान्य मापले, आणि त्याच्या लहान भावाने टमरेल म्हणून परसाकडे जाण्याची सोबत केली. हे शेवटचे काम हस्तकलेच्या कोणत्याही पुस्तकात नाही, पण मागच्या शतकात या प्रांतात डब्यापासून सर्वांत जास्त संख्येने तयार झालेली वस्तू तीच असणार. पुढे डालडाच प्लास्टिकच्या डब्यात आला आणि ताडाचे झाड बागेतून गेले.

दुसरा चौकोनी, १५ किलो तेलाचा. त्याच्याही आधी रॉकेलचा. तोंडाशी आडवा लाकडी दांडा ठोकला की पाण्याची बादली. एका बाजूला बिजागरी आणि दुसरीकडे कोयंडा लावला की धान्याची पेटी. उभा कापून सपाट केला की भिंत, आणि अशा भिंतींच्या घरांत मुंबईतली कितीतरी माणसे वाढली. नवशिक्याने या डब्याला लगेच हात घालू नये. ज्यांना त्याचे काय करायचे ते कळत होते त्यांनी त्यावर टिकल्या लावल्या नाहीत.

पायरी तिसरी : डबा उघडणे

हे जमले नाही तर लाजू नये. इंग्लंडमध्ये पीटर ड्युरँडने डब्यात अन्न टिकवण्याचे पेटंट १८१० साली घेतले. अमेरिकेत एझ्रा वॉर्नरने डबा उघडण्याच्या हत्याराचे पेटंट घेतले १८५८ साली. इंग्लंडात त्याच्या थोडे आधी एक हत्यार निघाले होते, पण ते धरले तरी मधली चाळीसेक वर्षे लोक डबे छिन्नी-हातोडीने फोडत होते आणि सैनिक संगिनीने. म्हणजे माणसाने आधी डबा बंद केला आणि तो उघडायचा कसा याचा विचार सावकाश केला. सरकारी कचेरीत एकदा तरी गेलेल्या माणसाला यात नवल वाटणार नाही.

आता ओपनर दोन तऱ्हेचे मिळतात. नेहमीचा ओपनर झाकण वरून कापतो आणि आत दातेरी कड ठेवतो. दुसरा बाजूने, शिवणीवरून फिरतो आणि कड बोथट राहते. हस्तकलेसाठी दुसरा घ्यावा. सुरीच्या टोकाने झाकण उचकटू नये. सुरीचे टोक जाते, झाकण राहते, आणि ती सुरी नेमकी रोजची भाजीची निघते.

पायरी चौथी : कापणे

कातर पत्र्याचीच हवी. शिवणकामाच्या कात्रीने पत्रा कापलेला कळतो, लगेच कळतो, आणि कोणी कापला हेही कळते. हातमोजे जाड घालावेत. कापताना कातर पूर्ण मिटू देऊ नये; दर वेळी टोकाशी मिटली की तिथे बारीक सुळका उरतो आणि बोट नेमके त्यावरून फिरते. कडेवरून कानस एकाच दिशेने, पुढे ढकलताना चालवावी. मागेपुढे घासली की कड गुळगुळीत होत नाही, कानस बोथट होते.

पण कानशीने कड बोथट करणे ही हौशी माणसाची तडजोड आहे. बाजारपेठेत पत्र्याचे काम करणारे कारागीर बसत, कुठे कुठे अजून बसतात, त्यांची रीत पाहावी. ते कड कापून सोडत नाहीत. काठाचा पत्रा बोटाच्या पेरभर जादा ठेवतात, त्यात जाड तार घालतात आणि काठ तिच्यावर वळवून लाकडी हातोडीने बसवतात. पत्र्याला बळकटी येते, धार पोटात जाते, आणि पुढची वीस वर्षे त्या डब्यात हात घालणाऱ्याला ओरखडा येत नाही. चरवी, नरसाळे, धान्याची पेटी, सगळ्यांचा काठ असा. आजीच्या घरी जुनी पेटी असेल तर काठावरून बोट फिरवून पाहा. आत तार लागेल. नवशिक्याने हे करून पाहावे आणि संध्याकाळी त्या कारागिराकडे जावे. पैसे किती म्हणून विचारल्यावर तो जी रक्कम सांगेल, ती तुम्हाला सकाळी जास्त वाटली असती.

बोट कापलेच तर साबणाने वाहत्या पाण्याखाली धुवावे. पत्रा गंजका होता की नवा, यावरून धनुर्वाताचा हिशेब करू नये. त्याचे जंतू गंजात नाही, मातीत असतात, आणि माती नव्या डब्यालाही लागते. इंजेक्शनाचा डोस दहा वर्षांनी पुन्हा घ्यायचा असतो. शेवटचा कधी घेतला ते आठवत नसेल तर डॉक्टरांना विचारावे. आईला विचारू नये. तिला आठवतो, पण सोबत इतरही आठवते.

पायरी पाचवी : भोके पाडणे

रिकाम्या डब्यावर खिळा ठेवून हातोडी मारली की भोक पडत नाही, डबा बसतो. बसलेल्या डब्याचा ‘डबाऐसपैस’साठी उत्तम उपयोग होतो, किंबहुना त्या खेळाला चेपलेलाच डबा लागतो. तेव्हा पहिला डबा मुलांना देऊन टाकावा.

दुसऱ्या डब्यात पाणी भरून तो फ्रीजरमध्ये ठेवावा आणि बर्फ झाल्यावर भोके पाडावीत; आतून आधार असल्याने पत्रा दबत नाही. डबा काठोकाठ भरू नये, कारण बर्फ फुगतो आणि बूड बाहेर येते. ही युक्ती खरी आहे, आम्ही तिची हमी देतो. मात्र फ्रीजरमध्ये मटार, नारळाचा चव आणि गेल्या श्रावणातले कसले तरी वाटण आधीपासून राहायला आहे. त्यांना बाहेर काढून तिथे गंजका डबा ठेवण्याची परवानगी मिळवणे हे पायरी पहिलीपेक्षा अवघड आहे. ज्यांना ते झेपणार नाही त्यांनी डब्यात ओली वाळू ठासून भरावी किंवा आत लाकडाचा ओंडका घालावा.

भोक बाहेरून पाडले की पत्र्याचे दात आत वळतात, आतून पाडले की बाहेर. कंदील करायचा असेल तर बाहेरून पाडावे. आतून पाडले तर कंदील होणार नाही, पण किसणी होईल. जुन्या स्वयंपाकघरात घरगुती किसण्या अशाच होत असत : पत्र्याचा तुकडा, एका बाजूने खिळ्याची भोके, दोन कडा लाकडी पट्टीवर ठोकलेल्या. तेव्हा आतून पाडलेल्या भोकांबद्दल वाईट वाटून घेऊ नये, गाजरे आणावीत. (डबा रंगवलेला असेल तर मात्र आणू नयेत.)

पायरी सहावी : चिकटवणे आणि रंगवणे

फेविकॉलने काही चिकटत नाही असे या देशात कोणी म्हटले तर लोक त्याच्याकडे संशयाने पाहतात. पण लाकडाचा तो पांढरा गोंद सुकतो तो त्यातले पाणी लाकडाने किंवा कागदाने शोषल्यावर. पत्रा काही शोषत नाही. म्हणून लावलेली लेस चार दिवस राहते आणि पाचव्या दिवशी पाहुण्यांसमोर उतरते. पत्र्याला पत्रा जोडायचा तर दोन पुड्यांतले मिसळून मळायचे एम-सील, आणि कापड लावायचे तर रबराचे सोल्युशन. जुने लेबल मात्र खोबरेल तेल चोळून रात्रभर ठेवले की निघते. त्यानंतर डबा साबणाने धुवावा, नाही तर रंगही तसाच निघतो.

रंगाआधी प्रायमरचा हात, तो वाळल्यावर ऑइलपेंटचे दोन पातळ हात. एक जाड हात देऊ नये. ओघळ येतात, आणि मग ‘मुद्दाम तसा इफेक्ट दिलाय’ असे सांगत बसावे लागते.

रंगवल्यावर डब्यावर वारली काढायची असते. हा नियम कोणी केला ते ठाऊक नाही, पण तो मोडलेला डबा आम्ही पाहिलेला नाही. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून, वर एक ठिपका, हातपायांच्या काड्या, झाला माणूस. अशी सात माणसे हातात हात घालून डब्याभोवती फिरवली की काम झाले असे हौशी मंडळी समजतात. डहाणूकडच्या जिव्या सोमा मशे यांनी गेरूवर तांदळाच्या पिठीने हेच त्रिकोण काढण्यात जन्म घातला, त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, आणि त्यांच्या चित्रांत जाळे टाकणाऱ्या कोळ्याच्या जाळ्याचा एकेक धागा हलतो. ती चित्रे एकदा नीट पाहावीत. त्यानंतर डब्यावर नुसता पिवळा रंग देऊन थांबावेसे वाटते, आणि तेच बरे.

आता सुतळी. ओघळ आले, रंग उडाला, डबा एका बाजूने बसला, शिवण उसवली, वारली माणसांतल्या दोघांचे पाय जुळेनात : डब्याला बुडापासून काठापर्यंत सुतळी गुंडाळावी. वर एक लाकडी मणी. ही वस्तू प्रदर्शनात ‘इको-फ्रेंडली’ म्हणून विकली जाते.

पायरी सातवी : नक्की काय करावे?

पेनस्टँड. दुसरे काही सुचणारच नाही, तेव्हा उगाच विचार करू नये. मराठी मध्यमवर्गीय घरात सरासरी किती पेनस्टँड असतात हे कोणी मोजलेले नाही, पण लिहिणारे पेन त्यांतल्या एकातही नसते. न लिहिणारी पेने, एक विणकामाची सुई, स्क्रूड्रायव्हर, विझलेल्या उदबत्तीची काडी आणि मोबाइलचे सिम काढायची ती पिन एवढे त्यात असते. लिहिणारे पेन फोनपाशी असायचे. आता फोनही तिथे नसतो.

कुंडी करावी असे काहींना वाटते. बुडाला भोके पाडायला विसरू नये. कोथिंबीर, पुदिना, ओवा यांना डबा चालतो. मात्र पत्रा उन्हात फार तापतो आणि मुळे होरपळतात, म्हणून दुपारी सावली येईल अशा जागी ठेवावा. एकदोन पावसाळ्यांत बूड गंजून जाते. त्यापूर्वी कोथिंबीर खाऊन घ्यावी.

कंदील करावा, खिळ्याच्या भोकांतून पणतीचा उजेड फार छान पडतो आणि कागदी कंदिलासारखा तो पहिल्या सरीत लोळागोळा होत नाही. या यादीतली नुसत्या शोभेची म्हणावी अशी ही एकच वस्तू आम्ही मनापासून सुचवू.

मुलांसाठी काही करायचे असेल तर शोभेच्या वाटेला न जाता दुसरी वाट धरावी. पुण्याच्या आयुकामधल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्तांनी वर्षानुवर्षे काड्यापेट्या, सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूब, जुने डबे, झाकणे यांतून खेळणी केली. त्यांना २०१८ साली पद्मश्री मिळाली. ती खेळणी कपाटात मांडायची नव्हती, हातात घेऊन मोडायची होती, आणि मोडताना आत काय चालते ते कळायचे. त्याच्याही आधी पोरे बूट पॉलिशच्या दोन डब्यांना दोऱ्या बांधून, मधोमध काठी धरून तागडी करत आणि अंगणातली माती विकत. तेच डबे गाडीची चाके होत. पॉलिशच्या डब्याला कोणी सुतळी गुंडाळली नाही.

प्रगत विद्यार्थ्यांसाठी

भुशाची शेगडी. तिची कृती देतो, कारण डब्यापासून इतकी अक्कलहुशारीने केलेली वस्तू दुसरी आम्हाला माहीत नाही. मोठा गोल डबा घ्यावा. बुडाजवळ बाजूला मुठीएवढे भोक पाडावे. डब्याच्या मधोमध गुळगुळीत बाटली किंवा गोल दांडका उभा धरावा आणि बाजूच्या भोकातून दुसरा दांडका आडवा सारून तो उभ्याला भिडवावा. मग सभोवती वखारीतला लाकडाचा भुसा थराथराने घालून ठासावा, अगदी घट्ट. दोन्ही दांडके फिरवून हलकेच बाहेर काढावेत. आत काटकोनात वळलेले बोगद्यासारखे नळकांडे राहते. खालच्या भोकातून कागद पेटवला की हवा खालून येते, ज्योत वरून निघते आणि भुसा आतून बाहेर सावकाश जळत जातो. एकदा भरलेली शेगडी तासन् तास चालते. आंघोळीचे पाणी, डाळ, भात, सगळे त्यावर होत असे. ठासण्यात ढिलाई झाली तर भुसा ढासळतो, शेगडी विझते आणि घरभर धूर होतो, म्हणून ठासण्याचे काम घरातल्या भरवशाच्या माणसाकडे असे. गॅस आल्यावर ही शेगडी गेली आणि कोणाला तिचे वाईट वाटले नाही; धुराने डोळे चुरचुरलेल्यांना तर नाहीच. पण हवा कुठून घ्यायची आणि ज्योत कुठे काढायची याचे गणित त्यात चोख होते.

यानंतरची पायरी म्हणजे धारावी. तिथे तेलाचे १५ किलोचे डबे शहरभरातून येतात, धुतले जातात, पोचे ठोकून काढले जातात आणि पुन्हा बाजारात जातात. खाद्यतेल मात्र वापरलेल्या डब्यात पुन्हा भरायला कायद्याने बंदी आहे, तेव्हा त्यांची पुढची नोकरी दुसऱ्या खात्यात. एका दिवसात तिथला एक माणूस जेवढे डबे सरळ करतो, तेवढे हौशी मंडळींच्या अख्ख्या शिबिरात वाकडेही होत नाहीत. त्याला शिबिराला पाहुणा म्हणून कोणी बोलावत नाही.

वारंवार विचारले जाणारे प्रश्न

झाकण चांगले असलेला डबा कापावा का? नाही. झाकण घट्ट बसणारा डबा ही पूर्ण झालेली वस्तू आहे. त्यात चिवडा ठेवावा.

डबा कापल्यावर घरच्यांना सांगावे का? त्यांना कळलेले आहे.

उरलेला पत्रा

मार्गदर्शिकेतला हा भाग गमतीचा नाही. कापाकापी झाल्यावर दातेरी झाकणे, पट्ट्या आणि सुळके उरतात. हे सुटे कचऱ्याच्या पिशवीत टाकू नयेत. ती पिशवी कोणीतरी हाताने उघडते आणि आतला कचरा वेगळा करते. बहुतेक वेळा ती बाई असते आणि तिच्या हातात बहुतेक वेळा मोजे नसतात. पुण्यात अशा कचरावेचकांनी १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही संघटना उभी केली. आपण हौसेने वर्षातून एकदा करतो ते काम पोटासाठी रोज करणारी ही माणसे आहेत. तेव्हा सगळे तुकडे एका लहान डब्यात भरा, डब्याचे तोंड पक्कडीने चेपून बंद करा, वर जुना कागद गुंडाळून दोरी बांधा आणि सुक्या कचऱ्यात वेगळा द्या. देताना आत कापलेला पत्रा आहे असे तोंडाने सांगा.